पाकिटावर रानातल्या सोयऱ्यांची नावं लिहा

टोमॅटोच्या बियाण्याचं पाकीट कधी नीट वाचलंय का? मी वाचतो, जुनी खोड आहे. उगवणशक्ती किमान ७० टक्के, भौतिक शुद्धता ९८ टक्के, लॉट नंबर, चाचणीची तारीख, मुदत, बियाण्याला कुठलं औषध चोळलंय त्याचं नाव, आणि हे बी खाऊ नका असा इशारा. पुढच्या बाजूला लालभडक फळ, त्यावरचे दवाचे थेंबसुद्धा छापलेले. कायद्यानं मागितलेलं सगळं पाकिटावर असतं. प्लॉट वाचेल की जाईल हे ज्यावर ठरतं, तेवढं मात्र नसतं.

उन्हाळी लागणीसाठी मी तालुक्याच्या गावी एका कृषी सेवा केंद्रात गेलो होतो. काउंटरवरच्या पोरानं एक पाकीट पुढं सरकवलं. "सर, हे न्या. व्हायरसला चालतंय."

"कुठल्या व्हायरसला?"

"सगळ्याच."

"आणि निमॅटोडला?"

त्यानं पाकीट उलटसुलट केलं, पुन्हा माझ्याकडं बघितलं. "त्याला बी चालतंय की. काय टेन्शन घेऊ नका."

त्या पोरावर माझा राग नाही. कंपनीच्या माणसानं त्याला जेवढं सांगितलं तेवढंच तो मला सांगणार. माझं म्हणणं पाकिटाबद्दल आहे. टोमॅटोच्या प्रत्येक पाकिटावर त्या वाणात रोगाला अडवणारी कोणती जनुकं आहेत, ती कुठल्या रानटी जातीतून आली आणि कोणत्या परिस्थितीत ती काम करत नाहीत, एवढं छापणं सक्तीचं करावं. मागणी दोन ओळींची आहे, पण तिच्यामागं मोठी कुळकथा आहे.

आमच्या कृष्णाकाठच्या गावात बियाण्यावर वाद निघाला की दोन फळ्या पडतात. एक म्हणते, हायब्रिडनं वाटोळं केलं, आजीच्या परसातलं गावठी तंबाटं परत आणा. दुसरी म्हणते, गावठी लावून कर्ज फिटत नसतं. पारावर हा सामना मी शेकडो वेळा ऐकलाय, आणि माझ्या मते दोन्ही फळ्या चुकीच्या मैदानात खेळतायत.

कारण टोमॅटो गावठी नाहीच. त्याचं मूळ दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वताच्या पश्चिम उतारावर, माणसाळला तो मेक्सिकोच्या बाजूला, आणि सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून युरोपात गेला. तिथून पोर्तुगीजांच्या हातून आपल्याकडं. जुन्या मराठीत त्याला बेलवांगी म्हणायचे, त्यावरूनच कळतं की पाहुण्याला ओळखायला घरातल्या वांग्याचा आधार घ्यावा लागला होता. या प्रवासात दर मुक्कामाला मूठभर बी पुढं गेलं आणि बाकीचं मागं राहिलं. त्यातून टोमॅटो हे स्वतःचंच परागकण घेणारं झाड, म्हणजे नवं रक्त बाहेरून यायची सोय नाही. फळ मोठं झालं, गोड झालं, पण रोगाशी झगडण्याची बहुतेक हत्यारं डोंगरातच राहून गेली. आजीच्या परसातलं तंबाटं चवीला कितीही चांगलं असो, पांढऱ्या माशीनं बोकड्या, म्हणजे पानं आवळून टाकणारा विषाणूरोग, आणला की ते पहिलं आडवं होतं. ते मी स्वतः पाहिलंय, आणि तेव्हा भाबडेपणा उपयोगी पडत नाही.

हत्यारं मागं राहिली ती कुणाकडं? रानातल्या सोयऱ्यांकडं. टोमॅटोच्या कुळातल्या रानटी जाती बारा मोजतात. इक्वेडोरपासून पेरूमार्गे उत्तर चिलीपर्यंत आणि समुद्रात गालापागोस बेटांवर त्या वाढतात. पिंपिनेलीफोलियम ही सगळ्यात जवळची, करवंदापेक्षा बारीक लाल फळांची. हॅब्रोकायटिस डोंगराच्या थंडीत वाढते, अंगभर केस, आणि त्या केसांतून असा चिकट वासाचा रस सुटतो की किडे वाट बदलतात. पेनेली पेरूच्या कोरड्या किनाऱ्यावर, जिथं पाऊस म्हणजे अफवा. चिलेन्स अटाकामा वाळवंटाच्या कडेला. पेरुव्हियानम तर इतकी बहुरूपी की अभ्यासकांना तिच्या एका नावाच्या चार जाती कराव्या लागल्या. यातल्या बऱ्याच जणींची फळं पिकली तरी हिरवीच राहतात आणि तोंडात घालायच्या लायकीची नसतात. पण सगळ्यांची गुणसूत्रं चोवीस, आपल्या टोमॅटोइतकीच. म्हणून सोयरीक जमू शकते.

जमू शकते म्हटलं, सहज जमते असं नाही. आई शेतातली आणि बाप रानातला असेल तर बहुतेक वेळा फळ धरतं. उलट केलं, रानटी झाडाच्या फुलावर आपल्या टोमॅटोचे परागकण टाकले, तर ती फुलं ते नाकारतात, परागनळी वाटेतच थांबते. पेरुव्हियानमच्या बाबतीत पहिली वाटसुद्धा बंद. फळ धरतं, पण आतला गर्भ अर्धवट वाढून मरतो. १९४४ साली कॅलिफोर्नियात पॉल स्मिथ यांनी असा अर्धवट गर्भ फळातून काढून काचपात्रात पोसला आणि त्यातून संकराचं झाड उभं केलं. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना, म्हणजे निमॅटोडला, अडवणारं 'एमआय' नावाचं जनुक त्या झाडातून आलं. पुढं कित्येक दशकं जगात निमॅटोडला न जुमानणारे जे टोमॅटो विकले गेले, त्यांचा वंश मागं नेत गेलं की याच एका संकरित रोपाशी येऊन थांबतो. एका रोपाशी! ते रोप त्या आठवड्यात वाळलं असतं तर?

दुसरी गोष्ट मला याहून आवडते. १९६२ च्या डिसेंबरात ह्यू इल्टिस आणि डोनाल्ड युजेंट हे दोन वनस्पतिशास्त्रज्ञ पेरूच्या डोंगरात रानटी बटाटे शोधत हिंडत होते. वाटेत बारीक हिरव्या-पांढुरक्या फळांचं एक टोमॅटोचं झुडूप दिसलं. त्यांनी नोंद केली, बी गोळा केलं आणि कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या चार्ल्स रिक यांच्याकडं पाठवलं. रिक म्हणजे टोमॅटोच्या रानटी जातींसाठी आयुष्य वेचलेला माणूस. तिथली बीजपेढी आज त्यांच्याच नावानं आहे. त्या झुडपाला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळायला १९७६ साल उजाडलं, चमिएलेव्स्की. आणि त्याच्या संकरातून आलेल्या ओळींमध्ये फळातली साखर आणि घन पदार्थ वाढलेले निघाले, जे सॉस आणि पेस्ट करणाऱ्या कारखान्यांना सोन्याच्या मोलाचं. बटाटे शोधायला गेलेल्या माणसांच्या पगारावर टोमॅटोची गोडी वाढली. कुठल्या कंपनीच्या ताळेबंदात हे बसलं असतं?

याच रिक यांनी गालापागोसच्या टोमॅटोचं बी उगवत नाही म्हणून डोकं खाजवलं आणि १९६१ साली दाखवून दिलं की तिथल्या महाकाय कासवाच्या पोटातून गेलेलं बी छान उगवतं. त्या बेटावरच्या जातीतून देठाला सांधा नसलेल्या फळाचं जनुक मिळालं. आमच्याकडं तोड्याला आलेल्या बायका देठ काढत बसतात, नाहीतर क्रेटमध्ये एकाचा देठ दुसऱ्याच्या सालीत घुसतो. सांधा नसलेलं फळ देठ झाडावरच सोडून हातात येतं. यंत्रानं तोडणी करणाऱ्या देशांनी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

आणि हे सगळं परदेशातच झालं असंही नाही. हिसारला गौतम कल्लू आणि बॅनर्जी यांनी हॅब्रोकायटिसमधून बोकड्याचा प्रतिकार शेतातल्या टोमॅटोत आणला आणि १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. त्या कामातून आलेलं जनुक आज 'टीवाय-२' या नावानं जगभर वापरलं जातं. आपल्या टोमॅटो उत्पादकांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

सोयरीक जमली की दुसरा त्रास सुरू होतो. आपल्याला हवं असतं एक जनुक, घरात येतं अख्खं भाऊबंद. पहिल्या संकरात निम्मा वाटा रानाचा. म्हणून त्या संकराची गाठ पुन्हा शेतातल्या वाणाशी घालायची, मग पुन्हा, मग पुन्हा. हिशेबानं दर वेळी रानाचा वाटा निम्मा होत जातो: २५, १२.५, ६.२५, आणि सहाव्या फेरीला एक टक्क्याच्याही खाली. कागदावर. प्रत्यक्षात हव्या असलेल्या जनुकाचे गुणसूत्रावरचे शेजारी त्याचा हात सोडत नाहीत. १९८९ मध्ये यंग आणि टँक्सली यांनी विषाणूला अडवणारं 'टीएम-२' हे जनुक असलेले जुने वाण तपासले. काहींत रानटी तुकडा जेमतेम ४ सेंटिमॉर्गनचा (गुणसूत्रावरचं अंतर मोजायचं माप) होता, तर एकात ५१ हून मोठा, म्हणजे नवव्या गुणसूत्राची एक अख्खी बाजूच रानातली. पैदासकारांनी इमानेइतबारे फेऱ्या केल्या होत्या, पण तो तुकडा नेमका कुठं तुटलाय हे डोळ्यांना दिसत नव्हतं. फळ बारीक राहणं, पक्व व्हायला उशीर, चवीत कडवटपणा, असल्या तक्रारींमागं कित्येकदा हेच शेजारी असतात. आता डीएनएच्या खुणांवरून तो तुकडा रोपावस्थेतच कापून घेता येतो. तरी चांगला वाण उभा राहायला दहा-पंधरा वर्षं जातात.

आता पाकिटाकडं परत येतो. एवढ्या खटाटोपातून आलेलं जनुक म्हणजे सरसकट कवच नसतं. प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, मर्यादा वेगळी.

'एमआय'चंच घ्या. मातीचं तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर गेलं की ते काम करणं सोडतं. ही काही गुप्त बातमी नाही, पाठ्यपुस्तकात छापलेली आहे. आता आमचा उन्हाळी प्लॉट डोळ्यांसमोर आणा. लागण जानेवारी-फेब्रुवारीत, तोडे एप्रिल-मेपर्यंत, बाहेर पारा चाळिशीकडं, वाफ्यावर मल्चिंग पेपर. त्या मातीचं तापमान २८ च्या आत कोण ठेवणार? म्हणजे ज्या हंगामात सूत्रकृमी जोमात असतात, नेमक्या त्याच हंगामात हे जनुक दुपारी झोपलेलं असतं. खरिपात त्याचा उपयोग, हिवाळ्यात उपयोग. उन्हाळ्यात मात्र ते असलं काय नि नसलं काय, सूत्रकृमींचा दुसरा बंदोबस्त करावाच लागेल: झेंडूचं पीक, निंबोळी पेंड, फेरपालट. हे शेतकऱ्याला आधी कळायला नको?

बोकड्याचं त्याहून गुंतागुंतीचं. 'टीवाय-१' आणि 'टीवाय-३' चिलेन्समधून आलेली, एकाच जनुकाची दोन रूपं. ती विषाणूला पूर्ण बाहेर ठेवत नाहीत, त्याची वाढ दाबून ठेवतात. झाड निरोगी दिसतं, पण आत थोडा विषाणू असतो, आणि पांढरी माशी तो शेजारच्या प्लॉटमध्ये नेऊ शकते. 'टीवाय-२' वेगळ्या तऱ्हेनं काम करतं, काही विषाणूंपुढं भक्कम, काहींपुढं लेचंपेचं. भारतात बोकड्या आणणारा विषाणू एकच नाही. बंगळूरकडं सापडलेला वेगळा, नवी दिल्लीच्या नावानं ओळखला जातो तो दोन तुकड्यांचा वेगळा. अशा वेळी "व्हायरसला चालतंय" हे वाक्य म्हणजे "औषध तापाला चालतंय" असं म्हणण्यासारखं. मलेरियाचा की टायफॉइडचा?

आणि 'टीएम-२²'. टोमॅटोच्या मोझॅक विषाणूला या जनुकानं कित्येक दशकं रोखून धरलं, इतकं की लोक निर्धास्त झाले. २०१४ मध्ये इस्रायलमध्ये फळांवर तपकिरी सुरकुत्या आणणारा नवा विषाणू दिसला, त्यानं हे जनुक सरळ ओलांडलं आणि काही वर्षांत खंडच्या खंड पार केले. जगभरच्या प्लॉटमध्ये एकच कुलूप लावलेलं असलं की चोराला एकच किल्ली घडवावी लागते. कुलपं बदलायची तर आधी आपल्या दाराला कोणतं लागलंय हे माहीत पाहिजे. आज गावातले पन्नास शेतकरी पाच कंपन्यांची पाच पाकिटं आणतात आणि समजतात की आपण वेगवेगळं लावलंय. आत कदाचित पाचही जणांकडं तेच एक जनुक असेल. तपासणार कसं?

२०२० च्या उन्हाळ्यात सातारा, पुणे, नगर भागात टोमॅटोला जो 'तिरंगा' आला तो विसरला नसाल. फळं एकसारखी पिकेनात, पिवळे-पांढरे पट्टे, माल बाजारात कुणी घेईना. लॉकडाउनचे दिवस. शेतकऱ्यांनी बियाण्याला दोष दिला, बियाणेवाल्यांनी हवामानाला, आणि अफवा तर अशा पसरल्या की लोक टोमॅटो खायला घाबरले. पुढं बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत नमुने तपासले तेव्हा त्यांत मुख्यतः काकडीवरचा मोझॅक विषाणू निघाला. मावा ही कीड वाहून नेते तो. आता, वर सांगितलेली एकही 'टीवाय' किंवा 'टीएम' त्या विषाणूसाठी नाहीच. पाकिटावर यादी असती, तर हा वाण या रोगाला मुळात प्रतिकारक नव्हता हे पहिल्या दिवशी कळलं असतं आणि चर्चा माव्यावर गेली असती. बियाणं खोटं होतं की नव्हतं, हा वाद यादीशिवाय मिटूच शकत नाही. खरं बियाणं विकणाऱ्याचंही त्यात नुकसान आहे.

इथं हायब्रिडवाल्यांच्या बाजूनं एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, नाहीतर माझी गणना उगाच गावठी फळीत होईल. हायब्रिड म्हणजे निव्वळ दरवर्षी पाकीट विकायची युक्ती, असं म्हणणं अर्धसत्य आहे. 'एमआय' आणि 'टीवाय-१' ही दोन्ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर एकमेकांच्या जवळ बसतात, आणि रानटी तुकडा तिथं असला की गुणसूत्रांची अदलाबदल नीट होत नाही. दोन्ही एकाच सरळ वाणात, म्हणजे हायब्रिड नसलेल्या वाणात, आणणं फार जिकिरीचं. मग सोपा मार्ग: आईकडून एक, बापाकडून दुसरं. दोन्ही जनुकं प्रभावी, एक प्रत असली तरी पुरते. हायब्रिडमध्ये दोन्ही मिळतात. हे शास्त्राला धरून आहे.

आमच्या थोरल्या चुलत्यांनी एकदा हायब्रिडच्या चांगल्या फळांचं बी राखून ठेवलं आणि पुढच्या साली लावलं. आबांचा हिशेब सरळ होता, बी घरचं, पाकिटाचे पैसे वाचले. दीड महिन्यात प्लॉटमध्ये आनुवंशिकतेचे नियम सांगणारा मेंडेल अवतरला. एक झाड तरतरीत, शेजारचं बोकड्यानं गोळा झालेलं, कुठं फळ लांबट, कुठं गोल. आबा म्हणाले, "कंपनीनं काहीतरी करणी केलीय बियात." करणी नव्हती. एका जनुकाची एकच प्रत असलेल्या झाडाचं बी लावलं की चारातल्या एकात ते नसतंच. वेगवेगळ्या गुणसूत्रांवर अशी तीन जनुकं असतील, तर तिन्ही एकत्र असलेली झाडं चौसष्टांत सत्तावीस. निम्मीसुद्धा नाहीत. आबांना हे आधी कुणी सांगितलं असतं तर त्यांनी तो एकर घातला नसता. किंवा कदाचित शंभर रोपं लावून त्यातली धड राहिलेली निवडत गेले असते. तो माणूस निवडीत पक्का होता.

आता आक्षेप. पहिला नेहमीचाच: शेतकऱ्याला हे कळणार नाही. हे वाक्य बोलणाऱ्यानं आमच्या तासगावला एकदा यावं. तिथला द्राक्षबागायतदार ०:५२:३४ आणि १३:०:४५ खत कधी सोडायचं हे झोपेत सांगतो. कोणत्या औषधाचा अंश किती दिवसांनी उतरतो आणि युरोपात कितीला माल परत फिरतो, त्याला पाठ असतं. त्याच्या बागेखाली 'डॉगरिज' नावाचा खुंट आहे. हा खुंट अमेरिकेतल्या रानटी द्राक्षाचा, क्षारपड जमीन आणि पाण्याचा ताण सोसणारा. वर थॉमसन, नाहीतर तास-ए-गणेश. रानटी मुळावर गोड द्राक्ष उभं आहे हे त्याला माहीत आहे, आणि कोणता खुंट कुठल्या मातीत चालतो यावर तो तुमच्याशी तासभर वाद घालेल. उसाचं तर विचारूच नका. आमचं अख्खं कृष्णाखोरं ज्या उसावर उभं आहे, त्या उसाच्या रक्तात संस्कृतात 'काश' म्हणतात ते रानगवत आहे, नदीकाठी पांढरे तुरे काढणारं. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोइमतूरला बार्बर आणि व्यंकटरामन यांनी त्या गवताचा जाड उसाशी संकर करून 'को २०५' काढला, तिथून ही वाट पार ८६०३२ या वाणापर्यंत येते. जो माणूस '८६०३२ की २६५' यावर पैज लावतो, त्याला 'टीवाय-१ की टीवाय-२' समजणार नाही?

दुसरा आक्षेप व्यापारी गुपिताचा. तो तर टिकतच नाही. या जनुकांच्या डीएनए खुणा प्रसिद्ध आहेत. बरी प्रयोगशाळा असलेल्या कुणालाही एका पानावरून कोणतं जनुक आहे ते सांगता येतं. म्हणजे स्पर्धक कंपनीला माहीत आहे, संशोधकाला माहीत आहे. अंधारात आहे तो फक्त पैसे मोजणारा. आणि जनुकाचं नाव कळलं म्हणून कुणाला हायब्रिडची नक्कल करता येत नाही, पालक ओळी कंपनीच्याच कपाटात राहतात. युरोप-अमेरिकेच्या बियाणं कॅटलॉगमध्ये वाणाच्या नावापुढं रोगांची संक्षिप्त अक्षरं छापतात, प्रतिकार पूर्ण की मध्यम तेही. तिथं धंदा बुडालेला नाही.

तिसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. 'जनुक' शब्द पाकिटावर दिसला की लोक त्याला जीएम, म्हणजे जनुकबदल केलेलं, समजतील आणि घाबरतील. शक्य आहे. पण हा संकर आहे, आईबापाच्या लग्नातून आलेला. प्रयोगशाळेत बाहेरचं जनुक घुसवलेला टोमॅटो भारतात लागवडीला परवानगीत नाही. भीती आहे म्हणून माहिती लपवायची की माहिती देऊन भीती घालवायची, यात मी दुसऱ्या बाजूला आहे. एवढं मात्र मान्य करतो की यादीत सगळं येणार नाही. लवकर येणारा करपा किंवा जिवाणूजन्य मर यांचा प्रतिकार अनेक जनुकांच्या थोड्याथोड्या वाट्यातून येतो, त्याला एक नाव देता येत नाही. तिथं 'मध्यम, शेतावरच्या चाचणीवरून' असं प्रामाणिकपणे लिहावं. आणि चार नावं छापली म्हणून भाव दुप्पट करणारे निघतील, त्याची तयारी ठेवावी.

कायद्यात जागा आहे का? आहे, आणि तीही जुनी. वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ चा. त्याच्या ३९ व्या कलमात लिहिलंय की नोंदणी झालेल्या वाणाचं बियाणं विकताना पैदासकारानं 'दिलेल्या परिस्थितीत' त्याची अपेक्षित कामगिरी शेतकऱ्याला सांगावी, आणि तशी कामगिरी झाली नाही तर शेतकऱ्याला भरपाई मागता येते. 'दिलेल्या परिस्थितीत' या दोन शब्दांचा अर्थ लावायला २८ अंशांहून चांगलं उदाहरण मला तरी सापडत नाही. बियाण्याचा माग काढण्यासाठी केंद्रानं २०२३ मध्ये 'साथी' पोर्टल आणलं, आणि २०२५ च्या नव्या बियाणे विधेयकाच्या मसुद्यात पाकिटावर क्यूआर कोडची तरतूद आहे. कोड येणारच असेल तर तो मोबाइलवर धरल्यावर नुसता लॉट नंबर का दिसावा? जागा कमी पडते ही सबबही मग उरत नाही.

राहता राहिला पैशाचा मुद्दा, आणि इथं मी थोडा कडू होतो. रानातून जनुक आणण्याचं पहिलं, कंटाळवाणं, वीस वर्षांचं काम जवळजवळ सगळं सरकारी पैशावर झालं. स्मिथ, रिक, कल्लू, सगळे विद्यापीठांतले. २०१२ मध्ये टोमॅटोचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या डीएनएचा पूर्ण आराखडा, प्रसिद्ध झाला, त्यात पाचव्या गुणसूत्राचं काम भारतीय संस्थांनी केलं, तेही जनतेच्या पैशावर. शेवटची दोन पावलं खासगी कंपन्यांनी टाकली आणि पाकीट आपल्या नावानं विकलं. त्याला माझा विरोध नाही. शेवटची पावलंही खर्चाची असतात. पण पहिल्या पावलांचा खर्च आपण थांबवला तर पुढच्या विषाणूला जनुक कोण शोधणार? वाराणसीच्या भाजीपाला संशोधन संस्थेनं कल्लूंच्याच वाटेनं 'काशी विशेष' हा सरळ वाण दिला, हॅब्रोकायटिसचा प्रतिकार असलेला, ज्याचं बी शेतकऱ्याला राखून ठेवता येतं. बंगळूरचा 'अर्का रक्षक' हायब्रिड तीन रोगांना तोंड देतो. आपल्या राहुरीच्या कृषी विद्यापीठानं 'धनश्री', 'भाग्यश्री' दिले. हे वाण आमच्या बाजूच्या प्लॉटमध्ये आज शोधावे लागतात. कारण टिकाऊपणा, वाहतूक, व्यापाऱ्याची पसंती, हे सगळं आहेच. शिवाय सरळ वाणाची जाहिरात करायला कुणाच्या खिशात पैसा नसतो.

आणखी एक गाठ आहे. २००१ च्या आंतरराष्ट्रीय करारानं ज्या ६४ पिकांचं बियाणं देशादेशांत सोप्या अटींवर फिरावं असं ठरवलं, त्या यादीत वांगं आहे, बटाटा आहे, टोमॅटो नाही. म्हणजे पेरूच्या डोंगरातलं नवं बी हवं असेल तर दर वेळी स्वतंत्र करार. पेरूचं म्हणणं मला पटतं. त्यांच्या डोंगरातलं झुडूप जगानं नेलं आणि त्यांच्या हाती काय आलं? उद्या हीच वेळ आपली आहे. कासच्या पठारावर लोक फुलांचे फोटो काढायला जातात, पण त्याच सह्याद्रीच्या उतारांवर रानतूर वाढते, भेंडीचे रानटी भाऊबंद वाढतात. पुढच्या पन्नास वर्षांत तुरीच्या किंवा भेंडीच्या कुठल्या रोगाला त्यांतलं कोण अडवेल, हे आज कुणी सांगावं. जागतिक वारसा म्हणून कासचा फलक लागला आहे. या झुडपांच्या बियाण्याची मोजदाद त्याच नेटानं व्हायला हवी.

तूर्त माझी मागणी पाकिटापुरती. ते छापलं जाईपर्यंत मी एक करतो, रिकामं पाकीट टाकत नाही. पाठीमागच्या कोऱ्या जागेवर बॉलपेननं लिहितो आणि खिळ्याला अडकवतो. गेल्या उन्हाळ्याच्या पाकिटावर हे आहे: लागण २६ जानेवारी. बोकड्या, एप्रिलपर्यंत तुरळक. मार्चमध्ये दोन रोपं उपटली, मुळं स्वच्छ. मेमध्ये चार उपटली, चारही गाठींनी भरलेली. जनुक: ?